तक्त्यात नसलेलं अक्षर

ऑफिसात तिला चौकोनबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की चौकोनबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरवर टाइप झालेली कागदपत्रं नव्या कॉम्प्युटरला वाचता येतील अशी करून देणं हा त्या ऑफिसचा धंदा. हे करताना कुठे कुठे अक्षर हरवतं आणि त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. त्या चौकोनात मुळात काय होतं ते शोधून परत बसवणं, हे तिचं काम. एकवीस वर्षं ती हेच करत आली होती. पान उघडलं की बाकीच्यांना मजकूर दिसायचा आणि तिला आधी चौकोन दिसायचे, जशी घर बघायला आलेल्या एखाद्याला आधी भिंतीवरची ओल दिसते.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली गाद्यांचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम नव्या फोमचा वास. वर सात टेबलं, एक काचेची खोली, आणि मागच्या खिडकीतून दिसणारे समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप. बाईंचं टेबल त्या खिडकीशी. वय चौपन्न, अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. चष्मा कपाळावर आणि शोध टेबलावर, हा प्रकार दिवसातून दोनदा तरी व्हायचा.

कोरियन लिपी तिच्या गळ्यात पडली ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. ते काम करणारा माणूस दुसरीकडे निघून गेला आणि तेव्हाच्या साहेबांनी एक छापील तक्ता तिच्यापुढे आणून टाकला. "बाई, भाषा यायची काही गरज नाही. चित्रं समजा आणि चित्राला चित्र जुळवा." पहिले आठ दिवस तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. नवव्या दिवशी लक्षात आलं की ही चित्रं नाहीतच, ही जोडणी आहे. एक व्यंजन, त्याच्या बाजूला किंवा खाली स्वर, आणि लागलंच तर पायाशी आणखी एक व्यंजन. तिघांनी मिळून एकाच चौकटीत दाटीवाटीने बसायचं. आपण व्यंजनाला काना-मात्रा लावतो तसंच, फक्त इथे तळाशी बसायलाही कुणीतरी असतं. त्या दिवसापासून तिचं घोडं कुठे अडलं नाही. तीन आठवड्यांत ती कोरियन घडाघडा वाचायला लागली. समजत मात्र फारसं नव्हतं. कामाच्या ओघात दोनेकशे शब्द ओळखीचे झाले होते, तेवढेच. खोली, ताप, औषध, बहीण, सही, हलवलं, वारला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठ महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला, एका नऊमजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत तो पाना हातात घेऊन खाली बसला आणि परत उठला नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आधी दुखलं असणार, पण दुखलं म्हणून सांगणाऱ्यातला तो माणूस नव्हता. त्याच्या सोबतच्या मेकॅनिकने ऑफिसात फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं, फोन ठेवला. समोर एक ओळ अर्धी राहिली होती, ती पूर्ण केली. फाइल सेव्ह केली, रोजच्या वहीत तारीख आणि चौकोनांचा आकडा लिहिला, पर्स उचलली आणि मग शेजारच्या टेबलावर सांगितलं, "मला जायला हवं. मिस्टर गेले."

ही गोष्ट ऑफिसात बरेच दिवस कुजबुजली गेली.

पुढे तिला रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं, तिला स्वतःलाही. पहिला महिनाभर ती पर्समध्ये एक रुमाल जास्तीचा ठेवत होती. तो घडी न मोडता तसाच राहिला. झोप लागत होती, जेवण जात होतं. सकाळी दोघांच्या मापाचा चहा टाकायचा आणि अर्धा ओतून द्यायचा, असंही काही तिच्या हातून झालं नाही. पहिल्याच दिवसापासून एकीचा चहा नीट मोजून झाला. दात काढायला डॉक्टरने हिरडीत भुलीची सुई मारावी आणि मग ओठाला बोट लावल्यावर तो दुसऱ्या कुणाचा वाटावा, तसे दिवस होते. बोट लागत होतं, ओठाला कळत नव्हतं.

नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची. दर रविवारी डबा घेऊन यायची आणि आली की तिच्या तोंडाचा पट्टा चालू. भावाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगता सांगता ती स्वतः रडायची, नाक पुसायची आणि बाईंकडे बघायची. "वहिनी, एकदा मोकळी हो गं. आत साठवून दगड होतो माणसाचा."

"साठलंय कुठे," बाई म्हणायच्या. "काही नाहीच आत."

"असं बोलू नकोस. लोक काय म्हणतील."

मुलगी दुसऱ्या शहरात, एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. तिचा फोन रोज संध्याकाळी सातला. जेवलीस का? जेवणार आता. गोळी घेतलीस? घेतली. बरी आहेस ना? बरी आहे. चार मिनिटांत फोन संपायचा आणि दोघींनाही सुटल्यासारखं व्हायचं.

त्या सुमाराला ऑफिसात एक मोठं काम आलं. कोरियातलं एक जुनं हॉस्पिटल बंद होत होतं. वर्षानुवर्षं राहणाऱ्या मनोरुग्णांचं हॉस्पिटल. त्याच्या तीस वर्षांच्या नोंदी नव्या पद्धतीत आणून सरकारी संग्रहात द्यायच्या होत्या. काचेच्या खोलीतले साहेब बाईंपेक्षा सोळा वर्षांनी लहान. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक तारीख असायची म्हणून त्यांना मुदतसाहेब म्हणत. त्यांनी काम बाईंवर सोपवलं आणि सोबत प्रोग्रामर मुलगी दिली. मुलगी हुशार होती, पण जुन्या फायली तिच्या जन्माच्या आधीच्या.

"बाई, इतके चौकोन कसे?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. "सहा हजार आहेत."

बाईंनी तिला समजावून सांगितलं. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून देतात आणि त्या आकड्यांचा तक्ता करतात. कोरियनमध्ये सुरुवातीची व्यंजनं एकोणीस, स्वर एकवीस, आणि तळाला सत्तावीस प्रकार, नाहीतर काहीच नाही, म्हणजे अठ्ठावीस. गुणाकार केला की अकरा हजार एकशे बहात्तर चौकटी होतात. पूर्वी तक्त्यात एवढी जागा नव्हती. मग त्या लोकांनी रोजच्या वापरातल्या दोन हजार तीनशे पन्नास निवडल्या आणि बाकीच्यांना रजा दिली.

"बाकीची लागली तर?"

"बहुतेकांना लागत नाहीत. पण कुणाच्या नावात असलं तर झाली पंचाईत."

त्याला एक पळवाट ठेवलेली होती. तक्त्यात सुटी व्यंजनं आणि सुटे स्वरही होते. नसलेली चौकट लिहायचीच असेल तर आधी रिकाम्या जागेची एक खूण करायची, मग तिचे तुकडे ओळीने लिहायचे, आणि वाचणाऱ्या मशीनने ते जोडून घ्यायचे. नियम कागदावर होता, पण बहुतेक मशीनना तो कुणी शिकवलाच नव्हता. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीने ह्याच हॉस्पिटलच्या फायली एकदा नव्या पद्धतीत आणल्या होत्या. त्यांच्या प्रोग्रामला हे सुटे तुकडे म्हणजे कचरा वाटला आणि त्याने तिथे सरळ चौकोन टाकले. नशीब एवढंच, की त्याच्या आधीच्या मूळ फायली हॉस्पिटलने फेकल्या नव्हत्या.

नव्या तक्त्यात सगळ्या अकरा हजार चौकटी आहेत, आणि क्रमवार आहेत. त्यामुळे तुकडे माहीत असले की आकडा गणिताने काढता येतो. पहिल्या तुकड्याचा क्रमांक गुणिले एकवीस, अधिक स्वराचा क्रमांक, ते सगळं गुणिले अठ्ठावीस, अधिक तळाचा क्रमांक. मग त्यात चव्वेचाळीस हजार बत्तीस मिळवायचे, कारण नव्या तक्त्यात कोरियनचं घर तिथून सुरू होतं. आणि मोजायचं शून्यापासून.

"शून्यापासून का?"

"ते मलाही कुणी सांगितलं नाही. पण एकापासून मोजलं की शेजाऱ्याच्या घरात शिरतो आपण."

मुलगी हसली. तिने दोन दिवसांत प्रोग्राम लिहिला. तरी मूळ फायली खराब झालेल्या, कुठे अर्धा तुकडा गेलेला, त्यामुळे प्रत्येक चौकोन बाईंनी डोळ्यांखालून घालायचा असं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात एक फाइल उघडली, त्यात एकट्या एका बाईच्या नावात दोनशे बारा चौकोन होते. नावात तीन चौकटी, आणि प्रत्येक वेळी मधली रिकामी. सव्वीस वर्षांच्या नोंदी. वजन, ताप, औषध, खोली दुसऱ्या मजल्यावरची, वजन, ताप. जुन्या नोंदींत मूळ तुकडे असणार आणि अलीकडच्या नोंदींत तोच चौकोन पुढे पुढे नकलला गेलेला. बाईंनी सर्वांत जुनी मूळ फाइल काढली आणि तिच्यातले आकडे उघडे केले. चार जोड्या होत्या. पहिली आणि शेवटची सारखी, रिकाम्या जागेची खूण. मधे एक व्यंजन, आपल्या 'म'सारखं, क्रमांक सहा. मग एक स्वर, क्रमांक एकोणीस, जो म्हणताना ओठ चपटे ठेवून 'उ'वरून 'इ'वर घसरावं लागतं. तळाला काही नाही.

हा हिशोब ती तोंडी करायची. एकवीस सक एकशे सव्वीस, अधिक एकोणीस, एकशे पंचेचाळीस. गुणिले अठ्ठावीस, चार हजार साठ. घरात नेऊन बसवलं की अठ्ठेचाळीस हजार ब्याण्णव. तिने आकडा घातला आणि पडद्यावर चौकट उमटली. एकोणीस वर्षं कोरियन वाचत होती, पण ही चौकट तिने कधी पाहिली नव्हती. दोनशे बारा ठिकाणी ती बसवायला अर्धा तास लागला.

दुपारी तिने पत्रव्यवहाराचा गठ्ठा घेतला. बाहेरून आलेली चौकशीची पत्रं आणि हॉस्पिटलने दिलेली उत्तरं. ही अलीकडची, नव्या पद्धतीत टाइप केलेली, त्यात चौकोन नव्हतेच. एरवी तिने ती नुसती पुढे सरकवली असती. एका पत्रात सकाळचीच चौकट दिसली, अख्खी, जागच्या जागी. अलीकडची आणि पलीकडचीही तीच. खाली जन्मसाल, तेही फाइलमधलंच. आणि पत्रात एक शब्द चारदा आलेला, जो तिला येत होता. थोरली बहीण.

अशी तीन पत्रं होती. एक सहा वर्षांपूर्वीचं, एक चार, एक गेल्या वर्षीचं. तिन्हींना एकच उत्तर. उत्तराचा मजकूर तिने इतक्यांदा पाहिला होता की त्याचा अर्थ तिला पाठ होता. ह्या नावाची नोंद आमच्याकडे नाही.

बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या. पाणीबिणी डोळ्यांत आलं नाही, छातीत काही हललं नाही. जे झालं ते त्यांना एखाद्या गणितासारखं स्वच्छ दिसलं. बहिणीने पत्रात नाव अख्खं लिहिलं. कारकुनाने ते अख्खं नाव कॉम्प्युटरमध्ये शोधलं. कॉम्प्युटरकडे अख्खं नाव नव्हतं, चौकोन होता. त्याने सांगितलं, नाही. पहिली दोन पत्रं आली तेव्हा ती थोरली त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. वजन, ताप, औषध.

फाइलच्या शेवटच्या नोंदीत 'वारली' हा शब्द नव्हता. 'हलवलं' होता, दोन वर्षांपूर्वीचा.

त्या उठून काचेच्या खोलीत गेल्या आणि जेवढं होतं तेवढं सांगितलं. मुदतसाहेबांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, मला कळतंय. पण आपलं काम जसंच्या तसं उतरवून देणं. कोण कुणाला शोधतंय ह्यात आपण पडलो तर तिकडचे म्हणतील, तुम्ही रुग्णांचे कागद वाचत बसता. तीस तारखेला पहिला हप्ता द्यायचाय."

"शंकापत्रकात लिहू का?"

शंकापत्रक म्हणजे एक यादी. कामात जे अडेल, समजणार नाही, ते त्यात लिहून दर शुक्रवारी तिकडे पाठवायचं. साहेब म्हणाले, "ही शंका कुठे आहे? ही तर बातमी झाली. शंकेच्या रकान्यात बातमी कशी लिहिणार?"

"मग बातमीचा रकाना करा."

ती हे थट्टेने म्हणाली नव्हती, पण साहेब हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणणं जड गेलं. "लिहा," ते म्हणाले. "पण थोडक्यात. आणि खाली माझी सही नको."

तिने तीन ओळी लिहिल्या. फाइल क्रमांक अमुक आणि पत्र क्रमांक तमुक, तमुक, तमुक यांतलं नाव एकच असावं. मूळ नोंदीत मधलं अक्षर तुकड्यांत लिहिल्यामुळे शोधात सापडलं नसावं. कृपया बघावं. खाली स्वतःची सही केली आणि पुढचा चौकोन उघडला.

बारा दिवसांनी तिकडून निरोप आला की ह्यावर बोलायचंय. काचेच्या खोलीत फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. साहेब, प्रोग्रामर मुलगी आणि बाई. पलीकडे हॉस्पिटलच्या वतीने बोलणारी एक दुभाषी होती, आणि तिच्यासोबत ज्याने त्या जुन्या नोंदी टाइप केल्या तो निवृत्त कारकून. वय अठ्ठ्याहत्तर. आवाज कोरडा, खरखरीत. तो दोन-तीन वाक्यं बोलायचा, मग दुभाषी सांगायची.

दुसरं एक हॉस्पिटल बंद पडलं तेव्हा चाळीस रुग्णांना गाडीत घालून आमच्याकडे आणलं, तो म्हणाला. त्यांचे कागद आलेच नाहीत. ह्या बाईंना स्वतःचं नाव आणि जन्मसाल सोडून काही सांगता येत नव्हतं. नाव मात्र त्यांनी दोनदा सांगितलं, आणि बोटाने टेबलावर लिहूनही दाखवलं. मी टाइप करायला गेलो तर ते अक्षर मशीनमध्ये नव्हतं. आमचे हेड क्लार्क म्हणाले, जवळचं अक्षर घाल आणि पुढे हो, मागे रांग आहे. मी मशीनच्या कंपनीला फोन केला. त्यांनी तुकड्यांचा नियम सांगितला. नावाच्या रकान्यात बाराच खण होते. एका अक्षराला दोन लागतात, तुकड्यांत लिहिलं की आठ. दोन, आठ आणि दोन. बरोबर बारा झाले.

"पडद्यावर जुळायचं का ते?" मुलीने विचारलं.

नाही, तो म्हणाला. तुकडे तुकडेच दिसायचे, मधे फट. नर्सा हसायच्या. तुमच्या तुटक्या बाईंचा रिपोर्ट आलाय म्हणायच्या.

 मग बाईंनी विचारलं, "तुम्ही जवळचं अक्षर का नाही घातलंत?"

दुभाषीने विचारलं.  तो बोलला, आणि दुभाषीने सावकाश सांगितलं. "ते म्हणतात, ते दुसऱ्या कुणाचं तरी नाव झालं असतं. हे निदान तिचं होतं. तुटलेलं होतं, पण तिचं होतं."

साहेबांनी पेन फिरवायचं थांबवलं.

"ते आणखी विचारताहेत," दुभाषी म्हणाली, "की त्या बाईंच्या बहिणीला त्या सापडल्या नाहीत, ते ह्यांच्यामुळेच ना?"

मुलगी साहेबांकडे बघायला लागली, साहेब फोनकडे. बाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, जवळचं अक्षर घातलं असतं तरी बहिणीला सापडल्या नसत्याच. आणि मग मलाही सापडल्या नसत्या. चुकीच्या अक्षराचा चौकोन होत नाही. ते नीट दिसतं, आणि नीट दिसतं तिथे मी थांबत नाही."

दुभाषीने सांगितलं. म्हाताऱ्याने एकच शब्द उच्चारला. तो काय होता ते दुभाषीने सांगितलं नाही आणि बाईंच्या दोनशे शब्दांतला तो नव्हता.

त्या संध्याकाळी सातला बाईंच्या मुलीचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवणार आता."

"गोळी?"

"घेतली."

"बरी आहेस ना?"

रोजचं उत्तर तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काही होतच नाही गं. म्हणजे, होईल असं वाटतं. मग नाही होत. बाबा गेले ना. तेव्हा फोन आला. मी ओळ पूर्ण केली आधी. अर्धी होती. ती पूर्ण केली, मग उठले. हे मी तुला. सांगितलं नव्हतं."

एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. मधे मधे नुसता श्वास.  मुलगी म्हणाली, "मला माहीत आहे, आई. आत्याने सांगितलं होतं, तेव्हाच."

"आत्याला कुणी सांगितलं?"

"तुमच्या ऑफिसातलं कुणीतरी भेटलं होतं तिला."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"तू सांगत नव्हतीस म्हणून." आणि थोड्या वेळाने, "रागावलेही होते मी. खूप दिवस. अजून थोडी आहे."

"असू दे," बाई म्हणाल्या.

तो फोन चार मिनिटांत संपला नाही. शुक्रवारी मुलगी चार दिवसांची रजा काढून आली. येताना आईसाठी काही आणलं नाही, स्वतःचे मळलेले कपडे तेवढे धुवायला आणले. बाईंना ते बरं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच मशीन लावलं. शनिवारी मुलीने बापाचं कपाट उघडलं आणि ती खाली फरशीवर बसून हमसून हमसून रडली. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हात फिरतोय एवढं त्यांना कळत होतं. पाठ गरम आहे, हेही कळत होतं.

"तुला खरंच काहीच वाटत नाही?" मुलीने नाक पुसत विचारलं.

"तू रडतेस त्याचं वाटतंय," बाई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "थोडं."

रविवारी नणंद डबा घेऊन आली. भाचीला बघून ती पहिल्यांदाच काही वेळ बोलायची विसरली. तिघी जेवल्या. नणंदेने ऑफिसातल्या ओळीची गोष्ट भाचीला सांगितल्याबद्दल वहिनीची माफी मागितली, आणि माफी मागता मागता ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मुलीला हसू फुटलं. बाईंच्याही तोंडाची एक बाजू हलली.

सोमवारी त्या ऑफिसला गेल्या तेव्हा शंकापत्रक परत आलेलं होतं. तीनशे सतरा क्रमांकाच्या, म्हणजे बाईंच्या नोंदीपुढे बरंच लिहिलं होतं. दुभाषीने त्याचं भाषांतर जोडलं होतं. साहेबांनी ते छापून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि ते नेहमीसारखे तारीख न सांगता निघून गेले.

त्या बाई सापडल्या होत्या. एका वृद्धाश्रमात, वय एकाहत्तर. धाकटी बहीण सहासष्ट वर्षांची, तरुणपणी नर्स म्हणून परदेशी गेलेली, म्हातारपणी परतलेली. आई-वडील गेल्यावर थोरलीला कुठल्या हॉस्पिटलात ठेवलं होतं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती एकेका हॉस्पिटलला पत्रं लिहीत बसली होती. गेल्या बुधवारी ती आश्रमात गेली. थोरलीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. नाव घेतलं नाही, कोण म्हणून विचारलंही नाही. तिचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला, बोटं पसरून पाहिली आणि म्हणाली, नखं किती वाढवलीस. मग तिथल्या बाईंकडून नेलकटर मागून घेतलं आणि दहाच्या दहा नखं कापून दिली. ओळखलं की नाही, ते सांगता येत नाही, असं धाकटीने कळवलं होतं. आता ती दर बुधवारी जाणार होती.

संध्याकाळी बाईंनी हे मुलीला सांगितलं. मुलगी बॅग भरत होती, दुसऱ्या दिवशी सकाळची तिची गाडी होती.

"तुला कसं वाटलं वाचून?" मुलीने विचारलं.

"दोनदा वाचलं."

"आणि?"

"आणि मग पुढचा चौकोन उघडला." बाईंनी वाळलेल्या कपड्यांतला एक शर्ट घडी करून तिच्या हातात दिला. "पण आज एकतीसच झाले. रोज साठ होतात."

मुलीने आईकडे पाहिलं आणि शर्ट बॅगेत ठेवला.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. काम मुदतीपेक्षा नऊ दिवस उशिरा पोचलं आणि साहेबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मुलीच्या आग्रहाने बाई एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागल्या, महिन्यातून दोनदा. तिथे बहुतेक वेळ त्या गप्प बसतात, आणि डॉक्टरीणबाई बसू देतात. रडू अजून आलेलं नाही. मुलीचा फोन आता सातलाच येतो असं नाही. कधी दुपारी येतो, कधी दोन दिवस येत नाही, आणि आला की तासभर चालतो. मधे एकदा मुलीने विचारलं, "बरी आहेस ना?" तेव्हा बाई म्हणाल्या, "आज नाही. उद्याचं उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून फोन केला.